तिकीटमामांचा अडकित्ता

अडकित्त्याचा एक आवाज झाला, की म्या जिथल्या तिथं थांबतो. परवा आमच्या चहाच्या टपरीवर एक पाव्हणं सुपारी कातरत बसलं व्हतं. त्येंनी टिक् केलं आन् म्या हातात चहाचे गिलास घेऊन रस्त्याच्या मधोमध हुबा. टेम्पोवाला हॉर्न देतोय, बायको स्टोपाशी बसून वरडतीया, "आवो, हला की!" पर टिक्-टिक् झाल्याबिगर माझा पाय काय उचलंना. पाव्हण्यांनी इचारलं, "ह्येंना फिट येती का वो?"

बायको म्हणाली, "न्हाई. ह्येंना वळण लावलंय."

ते वळण लावलं तिकीटमामांनी. लावायचं व्हतं वासरास्नी, लागलं मला बी. माझं आसंच हाय. शाळेत चौथीपतूर गेलो तवा एक आक्षर डोक्यात शिरलं न्हाई, आन् वासरांच्या शाळेत नुसता कडंला हुबा व्हतो तर पास झालो.

मामांचं खरं नाव शिवराम. भोर डेपोला कंडक्टर व्हते म्हून तिकीटमामा. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाड्या, नसरापूरचा फाटा, भाटघरचा रस्ता, सगळीकडची माणसं त्येंना वळखायची आन् सगळी भ्यायची. अंगानं उसाच्या चिपाडावाणी. रिटायर झाले तरी शर्ट खाकीच. खिशाचं बटण कायम लावल्यालं, आन् खिशात पितळी अडकित्ता. आता तुमी म्हणाल मामा सुपारी खात आसतील. तर न्हाई. तोंडात दातच नव्हते. डेपोनं तिकिटाला भोक पाडायचा चिमटा जमा करून घेतला, आन् हाताचा चाळा मामांपाशीच ऱ्हायला. म्हून अडकित्ता. बोलता बोलता टिक्-टिक्, टिक्-टिक्.

माणसांशी त्येंचं बोलणं एस्टीतलंच. लग्नाच्या पंगतीत वाढपी कमी आन् मामाच जास्ती वरडायचे, "मागं सरका, मागं जागा हाय!" एकदा आमच्या वाडीत मयत झाली. तिरडीला खांदा द्यायला गर्दी झाली, तर मामा म्हणाले, "चढणारे थांबा, आदी उतरणाऱ्यास्नी उतरू द्या." रडणारी माणसं हसली आन् मग हसलो म्हून परत रडली. नमस्कार न्हाई, चमत्कार न्हाई, कुणाच्या घरी गेले की दारातनंच, "कोण हाय का आत? का गाडी रिकामीच?"

पर जनावर समोर आलं की हाच माणूस लोण्यावाणी व्हायचा.

हे म्या पयल्यांदा बघितलं ते त्येंच्याच गाडीत. नसरापूरहून येत व्हतो. पिशवीत एक कोंबडा लपवल्याला. मामांनी पिशवीकडं बघितलं.

"ह्यात काय हाय?"

म्या म्हणलं, "भाजी हाय, मामा."

भाजी आरवली.

सगळी गाडी हसाया लागली. मामा म्हणाले, "येत्या स्टॉपला भाजीला घेऊन खाली उतर." तेवढ्यात डायवरनं बिरेक मारला. रस्त्यात मधोमध एक पाडी बसल्याली. डायवर हॉर्नवर हॉर्न देतोय, ती रवंथ करतीया. मामांनी घंटीची दोरी एकदा वढली, म्हंजी थांब, आन् सवता खाली उतरले. तिच्यापाशी उकिडवं बसले. गळ्याखाली जी पोळी लोंबती ना, तितं बोटांनी हळूहळू खाजवाया लागले. आन् काय म्हणाले म्हाईत हाय? "तुजं काय चुकलं बाई? ह्यो रस्ता तुज्या आदी कुठं व्हता?" मागं गाड्यांची रांग लागली. माणसं खिडकीतनं शिव्या देत्यात. मामा आपलं खाजवत्यात. पाडीनं डोळं मिटलं, उघडलं, मग आपल्या मनानं उठली आन् बांधाकडं चालू पडली. मामा वर आले, मिशी पुसली, दोनदा दोरी वढली आन् मला बघून म्हणाले, "तू आजून हितंच? उतर!"

पाडी बसली तर तिची समजूत काढली. म्या बसल्यालो तर मला उतरवलं. तवाच कळलं, ह्या माणसाच्या गाडीत माणूस म्हून बसण्यात काय फायदा न्हाई.

रिटायर झाल्यावर मामा आमच्या वाडीत एकटेच ऱ्हायचे. मामी लई आदी गेल्याल्या. पोरगा अविनाश पुण्यात. मामा रोज सकाळी माझ्या टपरीवर यायचे, एक चहा घ्यायचे आन् मला नावं ठेवायचे. चहापेक्षा नावं जास्ती व्हायची.

आमची चंद्री गाय मला रोज लाथ मारायची. सणासुदीला बी सुट्टी न्हाई. बादलीचा आवाज आला की आळीतल्या बायका म्हणायच्या, "बबन धारंला बसला वाटतं." येक दिवस कंबर धरून मामांपाशी गेलो. म्हणलं, "मामा, गाय लई मारकी हाय. बाजार दाखवतो."

मामा गोठ्यात आले. काय करंनात, नुसतं एका कोपऱ्यात बसले. म्हणाले, "रोजच्यावाणी काढ धार." म्या गेलो, बसलो, लाथ खाल्ली, बाहीर आलो.

मामा म्हणाले, "बबन, तू आत शिरताना काय म्हणलास?"

"काय न्हाई, शिवी दिली."

"का?"

"ती लाथ मारती म्हून."

"आन् ती लाथ का मारती?"

म्या कंबर चोळली. मामांनी अडकित्ता वाजवला. "मारकं जनावर नसतंय, बबन. त्येला मारकं माणूस भेटल्यालं आसतंय. उद्यापास्नं आत शिरताना राम राम म्हण, हात कोमट कर, मग बस."

दुसऱ्या दिशी म्या गायीला राम राम म्हणलं. बायकोनं आयकलं. "एवढ्या वर्सात मला कवा राम राम घातला न्हाई," म्हून दोन दिस बोलली न्हाई. चंद्रीनं लाथ मारली ती मारलीच, पर जीव लावून न्हाई मारली. माझी थोरली पोरगी स्वरा, तवा सातवीला. ती मामांनी सांगितल्यावाणी गेली, बसली, गुणगुणली, आन् चंद्रीनं बादली भरून दिली. म्हंजी गायीत खोट नव्हती. खोट कुणात व्हती ते सगळ्या वाडीला कळलं. चंद्रीला मग पाडी झाली, मैना. ती स्वरानंच वाढवली. मला तिच्या जवळ बी फिरकू दिलं न्हाई.

आता विलायती गायींचं सांगतो. सकाळच्या टायमाला म्या टपरीवर मोबाईलवर रील बघत बसलो व्हतो. येक पोरगी नाचती, येक माणूस भिंतीवर डोकं आपटतोय, येक बाबा गुडघेदुखीवर तेल सांगतोय, आसं चाललं व्हतं. मधीच येक आलं. लाल अंग, पांढरं शिप्पट तोंड, खिलारीच्या दुप्पट आडवं जनावर. आन् त्येच्या तोंडाची दोरी, म्होरकी, धरून चाललंय कोण, तर दुसरीतलं शोभंल आसं पोरगं! दुसरं येक पोरगं त्या धुडाच्या पोटाला टेकून गवतात झोपल्यालं.

मामांनी माझा अंगठा धरला. "सिंगल! थांबव!"

स्वरानं खालचं इंग्रजी वाचून सांगितलं, "मामा, हेरफर्ड म्हणत्यात ह्येंना. लई गरीब जात हाय, आसं लिवलंय. तिकडं पोरास्नी वाढवाया देत्यात, आन् मग मैदानात घेऊन फिरत्यात."

टपरीवर बसल्याले सगळे गोळा झाले. जो तो इचारतोय, दूध किती देती? मामा चिडले. "दुधाचं काय घेऊन बसलाय? तोंड बघा की तिचं! त्या तोंडावर भांडान हाय का कुठं? आन् आपल्या पोरांची तोंडं बघा. शेजारी वासरू बांधल्यालं आसतंय आन् हे मोबाईलमधी वासरू बघत्यात."

हे बोलले माझ्याकडं बघून. मोबाईल माझाच व्हता.

त्या दिसापास्नं मामांनी ध्यास घेतला. वाडीच्या वर, धरणाचं पाणी दिसतं त्या गायरानात येक पडका गोठा व्हता. पोरांनी आन् मामांनी त्येच्यावर पत्रं टाकलं, गव्हाण बांधली. शाळा सुटली की ज्येनं त्येनं आपल्या घरचं वासरू घेऊन तितं यायचं. वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरनं बी मामांच्या जुन्या वळखीच्या माणसांनी दोन पाड्या धाडल्या, डोंगरातल्या, मांजरावाणी चपळ.

मामांची शिकवायची तऱ्हा ऐका. पयल्या दिशी वासराला हात लावायचा न्हाई. नुसतं जवळ बसून शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं. वासरू उठून गेलं, तर तू नापास. बसलं, तर दुसऱ्या दिशी हात फुडं करायचा. त्येनं हुंगला तर तिसऱ्या दिशी गळ्याची पोळी खाजवायची. म्होरकी लई उशिरा. "आदी वळख, मग दावं," आसं म्हणायचे. आन् म्होरकी घातली तरी वढायचं न्हाई. टिक् केलं की थांबायचं, टिक्-टिक् केलं की चालायचं. एस्टीचाच कायदा.

म्या बी म्हणलं, मामा, मला बी येक वासरू द्या. मामा म्हणाले, "तुला वाचता येत न्हाई." म्हणलं, इनोद सांगतो. वासरापाशी बसलो, चांगले ठेवणीतले इनोद काढले. वासरू आयकत व्हतं. तिसऱ्या इनोदाला उठलं आन् लांब जाऊन पाठ करून बसलं. पोरं लोळाया लागली. मामा म्हणाले, "त्येला वळख पटली."

पोरांच्या घरची माणसं आदी हसायची. मग त्येंना दिसाया लागलं, की जे पोरगं घरात चमचा फेकत व्हतं, ते गोठ्यात हळू बोलतंय. बायका इचाराया लागल्या, "मामा, नवऱ्याला बी धाडू का?"

त्या गोठ्यात मारण्याला माफी नव्हती. कुणी वासराला काठी लावली की मामा म्हणायचे, "तिकीट फाटलं," आन् मग शिक्षा. ही शिक्षा पोरांपैकी कुणालाच कवा झाली न्हाई. झाली ती मला. मैनानं माझ्या टपरीवरल्या भज्यांचं ताट साफ केलं, म्हून म्या तिला शेवरीचा फोक मारला. स्वरानं जाऊन सांगितलं. आपलंच लेकरू, पर साक्ष द्यायला पुढं. मामांनी मला गायरानात बोलावलं आन् चक्क माझ्या तोंडाला म्होरकी घातली! दोरी स्वराच्या हातात. म्हणाले, "फिरीव."

टिक्-टिक्. चाललो. टिक्. थांबलो. टिक्-टिक्. पोरं, वासरं, सगळी बघत्यात. वरनं मैना बी बघतीया, तोंडात माझीच भजी. म्या म्हणलं, "मामा, लोक काय म्हणतील?"

मामा म्हणाले, "तीबी आसंच म्हणत आसंल. तिला कोण इचारतं?"

चांगलं गायरानभर फिरीवलं. आन् तुमास्नी खरं सांगतो, तिसऱ्या फेऱ्याला मला बरं वाटाया लागलं. कुठं जायचं, कवा थांबायचं, काय इचार करायचा न्हाई. बायको म्हणाली, "ही म्होरकी घरी आणा."

मामांची ती विलायती पांढऱ्या तोंडाची गाय डोक्यातनं जाईना. म्हून बेंदराला म्या त्येंना खूश करायचं ठरीवलं. सगळे बैलांची शिंगं रंगवत व्हते. म्या तांदळाचं पीठ कालवलं आन् मैनाचं तोंड पांढरं करून टाकलं. लांबनं आसली विलायती दिसत व्हती! मामांना बोलवाया पळालो. घेऊन येतो तर काय, बाकीची वासरं मैनाच्या तोंडाला भिडल्याली, चाटून चाटून विलायत साफ. मामांनी मैनाकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या मिशीला पीठ लागल्यालं. म्हणाले, "हिच्यापेक्षा तूच बरा दिसतोस." पर जाताना येकटेच हसत गेले. मामांना हसताना म्या तवाच बघितलं.

ह्या सगळ्यात अविनाशचा फोन यायचा. पोरगा वाईट न्हाई, चांगला हाय. "आबा, गुडघं गेल्यात तुमचं. हितं या. तिसरा मजला हाय पर लिफ्ट हाय." मामांचं उत्तर ठरल्यालं, "गोठा हाय तवर न्हाई. ज्या दिशी गोठा पडंल त्या दिशी न्ह्यायला ये." आसं म्हणायचे आन् फोन माझ्या हातात द्यायचे. फोन बी माझाच आसायचा.

आन् गोठा पाडायची येळ आली.

आमच्या सरपंचांनी कुठंतरी सेल्फी पॉइंट बघितला. मोठी मोठी इंग्रजी आक्षरं, मधी लाल बदाम, खाली वाडीचं नाव. त्येंच्या मनात भरलं. म्हणाले, "आपल्या गायरानातनं पाणी दिसतं, डोंगूर दिसतो. पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतील, फोटो काढतील. वाडीचा इकास व्हईल." आमच्या वाडीला दवाखाना न्हाई, एस्टी दिवसातनं दोनदा, ती बी आली तर. पर सेल्फी पायजेल. जागा नेमकी गोठ्याची. मामा म्हणाले, "वासरं कुठं जातील?" सरपंच म्हणाले, "मामा, फोटोत शेण येतं. बरं दिसत न्हाई."

भूमिपूजनाला तालुक्याचे येक साहेब येणार व्हते. साहेब म्हणल्यावर गर्दी पायजेल. आमच्या वाडीत गर्दी कुठनं आणायची? सरपंचांनी डोकं लढीवलं. त्याच दिशी, त्याच गायरानात पोरांचा वासरू मेळावा ठेवला. पोरं आली की आयबाप येत्यात, आयबाप आले की गर्दी झाली. म्हंजी वासरांनीच वासरांचा गोठा पाडायच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवायला जमायचं. फ्लेक्सवर सरपंचांचा फोटो येवढा, साहेबांचा त्याहून येवढा, आन् खाली कोपऱ्यात टिकलीवाणी येक वासरू.

स्वरा दोन दिस जेवली न्हाई. म्हणाली, "आप्पा, गोठा गेला की मामा जाणार." म्या म्हणलं, "म्या काय तरी करतो." ती म्हणाली, "तुमी काय करू नका, आप्पा. तेवढंच करा."

सगळ्यांचंच तेच मत पडलं. मांडव घालताना मला कुणी बांबू धरू दिला न्हाई, कारण मागच्या खेपंला म्या धरल्याला बांबू पाटलाच्या पाठीत गेला व्हता. शेवटी सरपंच म्हणाले, "बबन, तू इस्टेजच्या मागं बस आन् पाव्हण्यास्नी सुपारी कातरून ठेव. ह्यात काय बिघडत न्हाई."

म्या घरचा अडकित्ता घेतला आन् पडद्यामागं बसलो. समोर पानाचं तबक. पोरं आपापली वासरं घेऊन गायरानाच्या त्या टोकाला, इस्टेजकडं तोंड करून वळीत हुबी. मामांना इस्टेजवर बसीवल्यालं, गळ्यात हार, तोंड आसं की सगळी गाडी बिनतिकिटाची हाय. त्येंचा अडकित्ता त्येंनी पोरांपाशी दिला व्हता. साहेबांची गाडी आली. सरपंच भाषणाचा बिनवायरचा माईक हातातनं खाली ठेवून पळाले. ठेवला कुठं? माझ्या पानाच्या तबकात. चालूच.

म्या कातराया लागलो.

टिक्-टिक्.

डीजेच्या दोन भिताडायेवढ्या पेटीतनं आवाज सगळ्या खोऱ्यात गेला. मला वाटलं कुणीतरी फटाका लावला. सुपारी जुनी व्हती, कठीण. अजून जोर लावला. टिक्-टिक्. टिक्. टिक्-टिक्. फुडनं येकदम वरडा आला. पडदा बाजूला करून बघतो तर गायरानावरची सगळी वासरं इस्टेजकडं निघाल्याली! धावत न्हाई, पळत न्हाई, शिस्तीत. म्या टिक्-टिक् केलं की चालत्यात, टिक् केलं की सगळी मिळून थांबत्यात, परत चालत्यात. नव्या डायवरच्या हातातल्या एस्टीवाणी. पोरं म्होरक्या धरून मागं वढली जात्यात.

"पळा! उधळली!" कुणीतरी वरडलं. उधळल्यालं जनावर कवा थांबत थांबत येतं व्हय? पर माणसं कुठं बघत्यात. खुर्च्या पडल्या. सरपंच फ्लेक्सच्या मागं गेले. सवताच्याच फोटोमागं. साहेबांबरबर आल्याले युवा नेते मांडवाच्या खांबावर. ऱ्हायले कोण, तर साहेब. ते मऊ सोफ्यात येवढे खोल बसल्याले की त्येंना उठताच येईना. आन् मामा, ते उठलेच न्हाईत.

मैना सगळ्यात फुडं. इस्टेज बुटकं व्हतं. ती वर चढली, साहेबांपाशी गेली, त्येंच्या गळ्यातल्या हाराचा झेंडू हुंगला, येक खाल्ला, चांगला लागला म्हून दुसरा खाल्ला, आन् मग हनुवटी त्येंच्या मांडीवर टेकून हुबी ऱ्हायली. साहेबांचा चेहरा पांढरा पडल्याला. म्या म्हणलं बघा, पांढऱ्या तोंडाचं मिळालं येकदाचं.

मामा हळूच म्हणाले, "साहेब, हलू नका. गळ्याखाली खाजवा."

साहेबांनी हात फुडं केला. भीतभीत. मैनानं मान लांब केली, डोळं मिटलं. साहेब खाजवतच ऱ्हायले. बाकीची वासरं इस्टेजला टेकून वळीनं हुबी, येकानं बी शिंग उगारलं न्हाई, कुणाला धक्का न्हाई. मामांनी सवयीनं म्हणलं, "मागं जागा हाय," तशी मागची दोन खरंच मागं सरली.

म्या अडकित्ता खाली ठेवला. सगळ्या मांडवात साहेबांच्या बोटांची खसखस ऐकू येत व्हती. खाजवता खाजवता साहेब म्हणाले, "किती दिवसांनी कुणीतरी हातात निवेदन न घेता माझ्याजवळ आलं."

मग त्येंनी इचारलं, "ही कुठं ऱ्हातात?"

स्वरा म्होरकी धरून खाली हुबी व्हती. तिनं गोठ्याकडं बोट केलं. "तितं. पर तुमी आता नारळ फोडला की तितं न्हाई ऱ्हाणार."

साहेबांनी गोठा बघितला, नारळ बघितला, मैनाला बघितलं. म्हणाले, "आवो सरपंच, हिला हटवून काय मिळवायचं? गोठा आसू द्या."

फ्लेक्सच्या मागनं आवाज आला, "साहेब, म्या पयल्यापास्नं हेच म्हणत व्हतो!"

आसा गोठा वाचला. पेपरात बातमी आली, सरपंचांनी वासरांसाठी गायरान राखलं. ती आक्षरं आदीच येऊन पडल्याली, ती गोठ्याच्या कडंला लावली. पुण्याची माणसं येत्यात, आक्षरं सोडून वासरांबरबर फोटो काढत्यात, आन् मामा त्येंच्यावर वरडायचे, "फोटू नंतर! आदी राम राम म्हणा!" मधला लाल बदाम वाऱ्यानं पडला. पोरांनी तो उलटा करून त्यात वैरण टाकली. आता वाडीची खरी माया काय ती त्या बदामातच हाय, त्यात कडबा आसतो.

माझा सत्कार व्हईल आसं वाटलं व्हतं. मामा दुसऱ्या दिशी टपरीवर आले, चहा घेतला. म्या वाट बघतोय. शेवटी म्हणाले, "बबन, सुपारी लई जाड कातरली व्हतीस."

मला वाटलं, आता मामा कायमचेच हितं. गोठा हाय तवर न्हाई जाणार, म्हणलेच व्हते. पर माणसाचं उलटंच आसतंय. पोरं शिकली. मोठ्या पोरांनी भोरच्या बाजारातनं आपापले अडकित्ते आणले. स्वरा धाकट्यास्नी शिकवाया लागली, मामांचेच शब्द, मामांचाच आवाज, "आदी वळख, मग दावं." मामा गायरानात नुसतं बसायचे. गुडघं इतके गेले की बसल्यावर उठवाया दोघं लागायचे. येक दिवस टपरीवर माझा फोन मागून घेतला, आपल्या हातानं अविनाशला लावला, म्हणाले, "ये न्ह्यायला. न्हाई, तू नको येऊस. म्या एस्टीनं येतो."

म्या म्हणलं, "मामा, गोठा तर हाय!"

म्हणाले, "हाय म्हून तर. पडला आसता तर त्या सरपंचाशी भांडत बसलो आसतो हितंच मरूस्तवर. आता गाडी भरली. माझं काम झालं. कंडक्टर काय शेवटच्या स्टॉपच्या फुडं जातो व्हय?"

एस्टी आली ती सकाळची. सगळी पोरं फाट्यावर आल्याली, वासरं घेऊन. मामांनी तिकीट काढलं. खाकी शर्ट, खिशाचं बटण लावल्यालं. खिडकीशी बसले. नवा कंडक्टर पोरगंच व्हतं, त्यानं घंटी मारली तर गाडी हलंना. फुडं मैना हुबी. आता ती कालवड झाल्याली, चांगली आडवी. डायवर हॉर्न देतोय, ती मामांच्या खिडकीकडं बघतीया. स्वरा दोरी वढंना. वढायचं न्हाई, शिकवल्यालं. तिच्यापाशी बी अडकित्ता व्हता, पर तिनं वाजीवला न्हाई.

मामांनी खिशाचं बटण काढलं. हात खिडकीबाहीर. टिक्-टिक्.

मैना बाजूला झाली. गाडी निघाली. तर मैना बी गाडीच्या कडंनं चालाया लागली, आन् तिच्या मागं पोरं, आन् पोरांच्या मागं म्या, हातात चहाची किटली, टपरी तशीच उघडी. गाडीनं येग घेतला. आमी बी घेतला. मामा वळून बघत व्हते. खिडकीतनं हात परत बाहीर आला, उन्हात पितळ चकाकलं.

टिक्.

मैना थांबली. पोरं थांबली. म्या बी थांबलो.

गाडी वळणावर गेली. आमी तसंच हुबे, रस्त्यात. वाटलं, वळणापलीकडनं दुसरे दोन टिक् येतील.